तनयाच्या डाव्या मनगटावरून

शारजा ते दुबई, दुबई ते अबू धाबी असा एक अख्खा सीझन मी तनयाच्या डाव्या मनगटाला घट्ट चिकटून काढला. मी म्हणजे काळ्या रंगाची, तीन बोटं रुंद मनगटपट्टी. मुली मला रिस्टबँड म्हणतात. माझ्या पाठीवर एक पारदर्शक खिडकी होती, आणि ती वर उचलली की आत आणखी दोन. त्या उचलायच्या झाकणाला वेलक्रो होतं. उघडताना त्याचा चर्र आवाज यायचा. 'होतं' म्हणतेय, कारण आता ते झाकण नाही.

माझं काम गुपित सांभाळायचं. खिडक्यांमध्ये बारीक अक्षरांत टीमचे डाव लिहिलेले असायचे. गुपित सांभाळणाऱ्याचा स्वभाव कसा होतो, हे तुम्हाला एखाद्या बँकेच्या वॉचमनकडे बघून कळेल. येणारा प्रत्येक माणूस त्याला चोरच वाटतो. माझंही तसंच झालं. मैदानाच्या कडेला कुणी फोन काढला, की मला वाटायचं, हा माझाच फोटो काढतोय.

आमचं कॉलेज दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कच्या पलीकडे. तिथल्या मुलींची फ्लॅग फुटबॉलची टीम होती. फ्लॅग फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा अमेरिकन फुटबॉल, पण धक्काबुक्की वजा. पाच-पाच मुली. प्रत्येकीच्या कमरेला दोन कापडी फ्लॅग लटकतात. चेंडू जिच्या हातात, तिचा फ्लॅग समोरच्या टीमने ओढला की डाव संपला. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला की टचडाऊन, सहा गुण. पुढे सरकायला दोनच रस्ते. चेंडू एकीच्या हातात द्यायचा आणि तिने पळायचं, ती धाव. किंवा लांब फेकायचा आणि दुसरीने झेलायचा, तो पास. कुठला रस्ता घेणार हे समोरच्यांना शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही, यातच सगळा खेळ.

आमचे कोच अरुण सर मूळचे साताऱ्याचे. वीस वर्षं इथल्या शाळा-कॉलेजांत खेळ शिकवतात. हाडाचे कबड्डीपटू. हा खेळ ते व्हिडिओ बघून शिकले आणि त्यांना त्यातला पळण्याचा भाग तेवढा मनापासून पटला. "चेंडू हातात आहे तोवर आपला," ते म्हणायचे. "एकदा हवेत गेला की कुणाचाही."

त्यामुळे माझ्या बाहेरच्या खिडकीत त्यांनी धावांचे डाव घातले. ते सारखे लागायचे. पास दहातून दोनदा. म्हणून ते आत, झाकणाखाली. साधी सोय होती ती. कपाटात रोजचे कपडे पुढे आणि लग्नातले मागे ठेवतात, तशी.

चेंडू सुरुवातीला तनयाच्या हातात यायचा. द्यायचा की फेकायचा ते तीच करायची. या जागेला क्वार्टरबॅक म्हणतात. तनया शारजातल्या अल मजाजची, जन्मच इथला. उंच, शांत, आईने मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर देणारी. आणि चेंडू घेऊन पळायची अजरा. तीही अल मजाजचीच, दोन इमारती सोडून राहणारी. तिचे अब्बा लियाकत रत्नागिरीकडचे. त्यांचं इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये गोडाऊन, म्हणून सकाळी दोघींना तेच गाडीतून सोडायचे. दीड तास ट्रॅफिक. मागच्या सीटवर दोघी एका इयरफोनची दोन टोकं कानात घालून झोपायच्या. तनयाच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यातून मी ते बघायचे.

पहिल्या तीन मॅच आम्ही जिंकलो त्या अजराच्या पायांवर. ती खांदा एका बाजूला टाकायची आणि दुसऱ्याच बाजूने निघून जायची. मागून धरायला आलेल्या मुलीच्या मुठीत नुसती हवा.

चौथ्या मॅचला अबू धाबीच्या कॉलेजने तीन मुली अजरासमोर उभ्या केल्या. खलास. एक पाऊल पुढे जाता येईना.

त्या हरण्यानंतर ईशानी लॅपटॉप घेऊन सरांपुढे बसली. ईशानी खेळायची नाही. मॅचचे व्हिडिओ काढायची आणि आकडे मांडायची.

"सर, आपले ऐंशी टक्के डाव रन आहेत. दे नो इट. निम्मे पास करायला हवेत."

"निम्मे?" सरांनी चष्मा काढला. "अगं, तनया निम्मे फेकायला लागली तर अजराने काय करायचं?"

"पास असेल तेव्हाही पळायचं, सर. रिकाम्या हाताने. मग त्यांना कळणारच नाही."

सर दोन दिवस विचारात होते. मग राजी झाले. पासचे नवीन डाव आले. आतल्या दोन खिडक्या गच्च भरल्या. पण मांडणी तीच राहिली, धाव बाहेर, पास आत. ती बदलावी असं कुणाच्या मनात आलं नाही. खरं सांगते, माझ्याही नाही.

आता निम्मे डाव पासचे होते. आकड्यांप्रमाणे समोरच्यांनी गोंधळायला हवं होतं. झालं उलटंच. तनया फेकणार असली की त्यांच्या मुली आधीच मागे सरकायच्या. अजराला देणार असली की पुढे धावून यायच्या. जणू कुणी त्यांच्या कानात सांगितलंय.

"कुणीतरी फोडतंय," सर एकदा प्रॅक्टिसनंतर म्हणाले. कुणाकडे बघून म्हणाले नाहीत, पण प्रत्येकीला वाटलं आपल्याकडेच बघून म्हणाले.

त्यांनी खुणा बदलल्या. आधी नंबर असायचे, आता धावेला फळांची नावं आणि पासला गाड्यांची. "फणस!" ते कडेवरून ओरडायचे आणि समोरच्या मुली एकमेकींकडे बघून हसायच्या. कुठलाही डाव पाठ असला तरी तनयाने पट्टीत बघायचंच, असा त्यांचा नियम. "घाईत चूक होते. बघून सांग." ती बघायची. आणि तरीही समोरच्यांना कळायचंच.

मी संशय घ्यायला लागले. आधी ईशानीवर, कारण तिच्या लॅपटॉपवर सगळं होतं. मग सरांवर, कारण ते पार्किंगमध्ये फोनवर मोठ्याने बोलायचे. मग मैदानाला पाणी घालणाऱ्या माणसावर. तो माझ्याकडे एकदा दोन मिनिटं बघत उभा होता. नंतर कळलं, त्याला वाटलं होतं मी घड्याळ आहे आणि त्याला वेळ बघायची होती.

मग एका गुरुवारी तनया मला लियाकतांच्या गाडीत विसरली.

शुक्रवारी अजराच्या घरी मी दिवाणखान्यातल्या टेबलावर होते. जुम्याची नमाज झाल्यावर पाहुणे आले. त्यांच्यात एक मुलगी होती, अजराएवढीच, केस आखूड कापलेली. तिला बघून माझं वेलक्रो ताठ झालं. अबू धाबीच्या टीममधली ती! अजरासमोर उभी राहून तिचा फ्लॅग ओढणारी. अलिना.

"फुफू, बिर्याणीचा वास लिफ्टमध्येच आला," ती स्वयंपाकघराकडे बघून म्हणाली.

"ये गो, हात धू आणि बस," अजराची आई, मैमुनाबी, आतून म्हणाली. फुफू म्हणजे आत्या. तेव्हा मला कळलं, अलिना तिच्या भावाची मुलगी. म्हणजे अजराची मामेबहीण. राहायला अबू धाबीतल्या अल रीम आयलंडवर.

जेवणं झाल्यावर अलिना टेबलाशी आली. तिने मला उचललं. उलटसुलट केलं. झाकणाला बोट लावलं आणि ते थोडं वर केलं.

"ए, ठेव ते!" अजराने तिच्या हातातून मला हिसकावलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. मग दोघी बाल्कनीत गेल्या. सरकतं दार बंद झालं. ड्रॉवर पुरता बंद झाला नव्हता. फटीतून मला काचेपलीकडे दोघींची डोकी जवळ आलेली दिसली. अजरा बोलत होती. खूप वेळ. अलिना मान हलवत होती.

मला एवढं पुरेसं होतं. हल्ली अजराला चेंडू कमी मिळतो. पासचा बेत फसला तर सर पुन्हा तिच्याकडे वळणार. फायदा कुणाचा? तिचाच. ड्रॉवरच्या त्या फटीत मी निकाल देऊन मोकळी झाले.

दहा दिवसांनी पुन्हा अबू धाबीशी मॅच. सत्तावीस-सहा. प्रत्येक पासच्या खाली त्यांची एक मुलगी आधीच उभी. त्यातले दोन तर अलिनानेच झेलले.

कपडे बदलायच्या खोलीत तनयाने मला मनगटावरून काढलं नाही. ती अजरासमोर जाऊन उभी राहिली.

"त्या वीकेंडला हे तुझ्याकडे होतं."

अजरा बुटाची नाडी सोडत होती. "हो. तूच गाडीत विसरलीस."

"तुझी ती बहीण, अलिना, घरी आली होती?"

"आली होती. फ्रायडेला येते ती कधीकधी."

"तिने हे बघितलं?"

अजराने वर बघितलं. बाकीच्या मुलींचे हात बॅगांवरच थांबले होते.

"तनू, तू मला हे विचारतेयस?"

"यस ऑर नो, अजरा?"

"हातात घेतलं होतं तिने. मी काढून घेतलं." मग ती थांबली. खोलीभर एकेका चेहऱ्याकडे बघत गेली. कुणी नजर दिली नाही. तिने कमरेचा पट्टा सोडला, दोन्ही फ्लॅगसकट बाकावर ठेवला आणि बॅग उचलून निघून गेली. त्या दिवशी ती टॅक्सीने घरी गेली आणि तनया ईशानीच्या आईबरोबर.

मला बरं वाटलं. हे सांगायला आज जड जातं, पण तेव्हा वाटलं. चोर सापडला होता, आणि आधी मी ओळखला होता.

सेमीफायनलला सरांनी माझ्या खिडक्यांतली सगळी कार्डं नव्याने लिहिली. फळं गेली, भाज्या आल्या. गाड्या गेल्या, शहरं आली. अजरा नव्हतीच. आता फोडणार कोण?

पहिलाच पास. समोरच्या दोघी आधीच मागे सरकल्या. दुसरा डाव धाव. तिघी पुढे. ही दुबईचीच वेगळी टीम होती. अबू धाबीशी यांचा संबंध नाही, अजराशी नाही, बाल्कनीशी नाही. तरी यांना सगळं माहीत. शेवटच्या मिनिटाला त्यांच्या एकीचा पाय घसरला म्हणून आम्ही एका गुणाने जिंकलो. बाकीच्या उड्या मारत होत्या, तनया एकटीच जागच्या जागी उभी होती. तिच्याही डोक्यात तोच हिशेब चालू होता. अजरा नव्हती. मग कोण?

दोन दिवसांनी तनयाच्या फोनवर मेसेज आला. अनोळखी नंबर. 'मी अलिना. फुफूकडे आलेय. संध्याकाळी खाली लगूनवर येशील? ब्रिंग द रिस्टबँड.'

तनया मला खिशात घालून गेली. खालिद लगूनच्या पाण्याच्या कडेने लोक चालत होते, लहान मुलं स्कूटर फिरवत होती. अलिना एका बाकावर बसली होती. तिने नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

"घाल हातात," ती म्हणाली.

तनयाने मला चढवलं.

"आता समज, सरांनी रन सांगितलाय. बघ पट्टीत."

तनयाने मनगट वळवलं आणि बाहेरच्या खिडकीत बघितलं.

"आता पास सांगितलाय."

तनयाने झाकण उघडलं. चर्र.

अलिना तिच्या हाताकडे बघत राहिली. एक स्कूटर समोरून गेली. मग तनयाने झाकण मिटलं. पुन्हा उघडलं. पुन्हा मिटलं.

"ओह माय गॉड," ती पुटपुटली.

"दॅट्स इट," अलिना म्हणाली. "उघडलंस की पास, नाही उघडलंस की रन. आमच्या कोचने व्हिडिओत पकडलं. बाकीच्यांनीही पकडलं असणार. तुम्ही फणस ओरडा नाहीतर पॅरिस, आम्ही ऐकतच नाही. फक्त तुझ्या हाताकडे बघतो."

मला त्या क्षणी पाण्यात उडी मारता आली असती तर मारली असती. सगळ्या जगावर मी पहारा ठेवला होता. फोनवर, लॅपटॉपवर, पाणी घालणाऱ्या माणसावर. आणि चर्र आवाज करून, भर मैदानात, प्रत्येक डावाला गुपित मीच सांगत होते.

"मला का सांगतेस?" तनयाने विचारलं. तिचा आवाज अजून संशयीच होता. "फायनल तुमच्याशीच आहे."

"फुफूचा फोन आला होता. अजरा धड जेवत नाही, कॉलेजला जाते आणि येऊन दार लावून घेते. मी विचारलं तर म्हणाली, मला चोर म्हणाले." अलिनाने पाण्याकडे बघितलं. "त्या दिवशी बाल्कनीत माहितीये काय बोलत होती? रडत होती. तू तिला बॉल देत नाहीस म्हणून. तुझ्या एका प्लेबद्दल अक्षर बोलली नाही. मीच विचारलं होतं गंमत म्हणून, तर माझ्यावरच ओरडली."

तनयाने मान खाली घातली.

"हे मी सांगितलं ते कुणाला कळलं, तर मी टीममधून गेले," अलिना उठली. "सगळ्यांना माहितीये मी तिची बहीण आहे. तुमच्यात काही बदललं तर पहिलं माझंच नाव येईल."

तनया तिथून सरळ अजराच्या घरी गेली. दार लियाकतांनी उघडलं. "ये बेटा, बरेच दिवसांनी," एवढंच म्हणाले आणि आत निघून गेले. त्यांना काय माहीत होतं आणि काय नव्हतं, मला आजही सांगता येत नाही.

अजरा पलंगावर पुस्तक घेऊन बसली होती. तनयाने सगळं सांगितलं. माफी मागितली. नुसतं सॉरी नव्हे. ती मराठीत म्हणाली, "माझं चुकलं." मी तिच्या तोंडून ते पहिल्यांदा ऐकलं.

अजराने पुस्तक मिटलं नाही. "सगळ्यांसमोर विचारलंस तू."

"सगळ्यांसमोर सांगेन मग. उद्याच."

"काय सांगशील? तुला कसं कळलं म्हणून सांगशील?"

खरंच, तनया काय सांगणार होती?

"मी खेळायला येईन," अजरा म्हणाली. "पण अलिनाचं नाव कुठेच येता कामा नये. सरांनाही नाही सांगायचं."

"ठीक आहे. मग पट्टीच काढून टाकते. पाठ करते मी सगळं."

"फायनलला पट्टी न घालता गेलीस, तर त्यांचा कोच कुणाकडे बघेल?"

"कार्ड बदलते. मिक्स करते."

"तरी तेच. पहिल्या डावाला त्यांना कळेल की आपल्याला कळलंय." अजराने आता पुस्तक बाजूला ठेवलं. "तुटायला हवी. मॅचमध्ये, त्यांच्यासमोर. आणि त्याच्याआधी सगळं नेहमीसारखं चाललेलं त्यांना दिसायला हवं."

"किती वेळ?"

"हाफ."

"अजरा, हाफमध्ये मॅच जाईल!"

"जाईल तर जाईल."

"आणि बाकीच्या तिघी? त्यांना न सांगता हरायचं?"

अजरा उठून खिडकी लावायला गेली. हे बरोबर की चूक, मलाही ठरवता आलेलं नाही. तनया बराच वेळ माझं झाकण नखाने उचलत-दाबत बसली. मग म्हणाली, "ओके."

दुसऱ्या दिवशी तनयाने टीमला एवढंच सांगितलं, "अजराने काही केलेलं नाही. मी चुकले. कसं कळलं ते विचारू नका." सरांनी भुवया उंचावल्या, पण अजराला बघून त्यांचा चेहरा इतका खुलला की पुढे विचारायचं राहून गेलं. ईशानीने मात्र तनयाकडे जरा जास्त वेळ बघितलं.

मग आठवडाभर गाडीत पाठांतर. दोघी आधी दोन खिडक्यांना चिकटून बसायच्या, मधे एक सीट रिकामी. तिसऱ्या दिवशी लियाकतांनीच ट्रॅफिकमध्ये मागे हात केला. "आण ती पट्टी, मी विचारतो." मला स्टिअरिंगवर ठेवून ते वाचायला लागले. "भेंडी?"

"अजरा डावीकडून," तनया म्हणाली.

"कैरो?"

"लांब पास, उजवा कोपरा."

"शाब्बास. पण पट्टी हातात असताना पाठ कशाला करता गो?"

मागे दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग अजरा म्हणाली, "अब्बा, सिग्नल सुटला." आणि कितीतरी दिवसांनी दोघी एकदम हसल्या.

फायनल अबू धाबीला होती. स्टँड भरलेला. ईशानीने कॅमेरा पहिल्यांदाच समोरच्या बाजूला लावला, कारण आमच्या बाजूने डोळ्यांवर ऊन येत होतं.

पहिला हाफ मी विसरू शकत नाही. आता मला माहीत होतं. तनयालाही. ती सरांची खूण बघायची, माझ्याकडे बघायची, आणि पास असेल तेव्हा झाकण उघडायची. चर्र. समोर अलिना आणि तिच्या मैत्रिणी मागे सरकायच्या. प्रत्येक वेळी तनयाच्या मनगटाची नाडी माझ्यावर आपटायची. अजरा तीन मुलींच्या घोळक्यात शिरायची आणि तिचा फ्लॅग ओढला जायचा. ती थांबायची, चेंडू परत द्यायची, चेहऱ्यावर काही दिसू द्यायची नाही.

तेरा-शून्य.

"काय चाललंय काय तुमचं!" सर कडेवर लाल झाले होते. "झोपलात का?" आमच्या टीमची एक मुलगी रडायला लागली होती. तनयाने तिच्याकडे बघितलं नाही. बघू शकली नाही.

हाफ संपायला एक डाव राहिला. पासची खूण आली. तनयाने झाकणाला हात घातला आणि या वेळी नुसतं उघडलं नाही. सगळा जोर लावून खेचलं. वेलक्रो आधीच दमलेलं होतं. शिवण उसवली, आणि माझं झाकण, तिन्ही खिडक्यांसह, तिच्या उजव्या हातात आलं.

दुखलं का? हो. पण ज्याच्यामुळे मी इतके दिवस फितूर झाले तेच गेलं, म्हणून हलकंही वाटलं.

तनयाने ते तुकडे रेफ्रीला दाखवले. त्यांच्या बाकाला दिसेल असे, वर धरून. मग मला काढून कडेला फेकलं.

"दुसरी आणली नाहीये!" सर ओरडले.

"सर, आठवतंय मला!"

दुसरा हाफ मी गवतावर उताणी पडून बघितला. तनयाचं मनगट मोकळं होतं. सरांची खूण झाली की ती सरळ टीमकडे वळायची. आता समोरच्यांना बघायला काही नव्हतं. त्या एकदा पुढे यायच्या तर चेंडू त्यांच्या डोक्यावरून जायचा. एकदा मागे सरकायच्या तर अजरा मधून निसटायची. ईशानीने आकड्यांत मांडलं होतं ते पहिल्यांदा मैदानावर दिसत होतं. अजराने अर्ध्या मैदानावरून धाव काढली. तेरा-सहा. मग अजराला द्यायचं नाटक करून तनयाने कोपऱ्यात लांब पास टाकला. तेरा-बारा. आणि घड्याळ संपलेलं.

टचडाऊननंतर एक जास्तीचा डाव मिळतो. आधीचा आमचा फुकट गेला होता. जवळून घेतला तर एक गुण, बरोबरी. लांबून घेतला तर दोन, विजय.

सरांनी दोन बोटं वर केली. "यल्ला, चला, जिंकूनच जाऊ!"

तनयाने चेंडू घेतला. अजरा तिच्या बाजूने धावत आली. द्यायचा की नाही, हे मलाही माहीत नव्हतं. तनयाने दिला. अजराने खांदा डावीकडे टाकला आणि उजवीकडे निघाली. दोघी फसल्या. अलिना फसली नाही. लहानपणापासून रत्नागिरीच्या अंगणात, सुट्टी-सुट्टीत, तिने तो खांदा बघितला होता. ती अजराच्या पायांकडे बघत होती. रेषेच्या एक हात अलीकडे तिने फ्लॅग ओढला.

तेरा-बारा. आम्ही हरलो.

अबू धाबीच्या मुलींनी अलिनाला खांद्यावर घेतलं. त्यांच्या कोचने तिची पाठ थोपटली. तिच्याकडे संशयाने बघणारं तिथे कुणी नव्हतं, आणि ते मी नीट तपासलं. तपासणं मला चांगलं जमतं. हात मिळवायची रांग आली तेव्हा अलिनाने तनयाचा हात धरला आणि तिच्या उघड्या मनगटाकडे एक क्षण बघितलं. मग ती अजरासमोर आली. दोघींनी इतर सगळ्यांशी मिळवतात तेवढाच वेळ हात मिळवला. त्याहून एक क्षणही जास्त नाही.

आता मी कॉलेजच्या खेळाच्या खोलीत एका खिळ्याला लटकते. झाकण माझ्याजवळ नाही. सर अजून कधीकधी माझ्याकडे बघून पुटपुटतात, "पहिला हाफ असा कसा गेला?" आणि खोलीबाहेर पडतात.

मागच्या आठवड्यात ईशानी आली. तिने मला खिळ्यावरून काढलं, टेबलावर ठेवलं आणि लॅपटॉप उघडला. फायनलचा व्हिडिओ. समोरून काढलेला. तनयाचं मनगट स्वच्छ दिसत होतं. ईशानी कागदावर रेघा मारत गेली. झाकण उघडलं, पास. नाही उघडलं, धाव. एकही चूक नाही. मग ती पहिल्या हाफच्या शेवटच्या डावाशी आली. तनयाचा हात झाकण खेचतो तिथे तिने व्हिडिओ थांबवला. मागे नेला. पुन्हा बघितला.

तनया दारात उभी होती, ते तिला उशिरा कळलं.

"तनू, ही तुटली? की तू तोडलीस?"

"काय गं?"

"तुला आधी माहीत होतं. इंटरव्हलच्या आधीच. कुणी सांगितलं?"

तनया आत आली. तिने मला उचललं, माझ्या उसवलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि परत खिळ्याला अडकवलं. "चल, उशीर होतोय. अजरा खाली थांबलीये."

ईशानी तिच्याबरोबर गेली. पण कागद तिने घडी घालून खिशात ठेवला. तो तिने फाडला, की सरांना दाखवला, की अजून जपून ठेवलाय, मला माहीत नाही. दार वाजलं की मी कान टवकारते.

तुम्हाला सगळं सांगून बसले. मला राहवलं नाही, हा माझा जुनाच दोष. पण एक विनंती आहे. अबू धाबीकडचं कुणी भेटलं आणि सहज म्हणून विचारलं, तर सांगा, त्या पट्टीचं वेलक्रो जुनं झालं होतं.